चकमकीची बंदूक आणि तिची संचबांधणी

चकमकीची बंदूक : नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरायची आणि गारेच्या ठिणगीने पेटवायची बंदूक. ठासणीच्या बंदुकांच्या तीन पिढ्यांत ही मधली. तिच्याआधीची तोड्याची बंदूक पेटत्या जामगीने, म्हणजे वातीने, उडे. तिच्यानंतरच्या टोपीच्या बंदुकीत तांब्याच्या लहान टोपीतले स्फोटक घोड्याच्या ठोक्याने पेटे. तयार नळी, तयार चाप आणि अर्धवट कोरलेला लाकडी कुंदा असा संच विकत घेऊन घरच्या घरी ही बंदूक बांधण्याचा छंद विसाव्या शतकात अमेरिकेत व युरोपात रुजला. महाराष्ट्रात तो रुजला नाही. कायदा आड आला हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक जुने आहे : दख्खनच्या गावगाड्यात ही बंदूक कधी मुरलीच नाही. ती फौजेबरोबर आली आणि फौजेबरोबरच गेली.

रचना. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात आवळलेली गार असते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार उभ्या पोलादी पट्टीवर घासते, पट्टी पुढे उलटते आणि तिच्याखालची रंजकदाणी, म्हणजे पेटवणीची बारीक दारू (रंजक) ठेवायची वाटी, उघडी पडते. ठिणग्या रंजकेवर पडतात व ज्वाळा नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कान्यातून, आतल्या दारूला लागते. हे सगळे क्षणात घडते, पण रंजकेचा भपका आणि खरा बार यांच्यात कानाला जाणवेल इतके अंतर पडू शकते. रंजक ओलसर असेल, काना काजळीने बुजला असेल किंवा गारेची धार बोथटली असेल, तर भपका होऊन बार होत नाही. १८३४ साली इंग्लंडमध्ये वुलिच येथे झालेल्या चाचणीत चकमकीच्या बंदुका ६,००० बारांत ९२२ वेळा फुकट गेल्या; टोपीच्या बंदुका तेवढ्याच बारांत अवघ्या ३६ वेळा. दोनशे वर्षे युरोपच्या लढाया ज्या यंत्रावर चालल्या त्याची ही पत होती.

या यंत्राचे परिपूर्ण रूप फ्रान्समधल्या लिझिए गावच्या मारँ ल बुर्ज्वा या कारागिराने १६१० च्या सुमारास सिद्ध केले असे मानतात. तो तेराव्या लुईच्या दरबारी कामे करीत असे. अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटकाचा पेटंट १८०७ मध्ये घेतला आणि गारेचा काळ सरत आला.

दख्खनमधील वापर. शिवकाळातली मराठी बंदूक तोड्याची. पडद्यावर मावळ्याच्या हाती गारेचा घोडा दिसला, तर ती वेशभूषाकाराची चूक समजावी. पुढे अठराव्या शतकात कवायती पलटणी आल्या, तेव्हा चकमकी मराठी फौजेत शिरल्या. महादजी शिंद्यांसाठी द बॉय्न या सेनानीने १७८४ पासून उभारलेल्या कंपूंकडे त्या होत्या. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओती आणि बंदुकाही करवून घेई. तिथल्या एका बंदुकीची किंमत दहा रुपये पडे, असे त्या काळाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

कंपूबाहेरचा शिलेदार, किल्ल्यावरचा शिबंदी, गावचा रामोशी यांनी मात्र तोडा सोडला नाही. याला अडाणीपणा म्हणणे चुकीचे ठरेल. तोड्याच्या बंदुकीला कमानी लागत नाहीत. नळी, कुंदा आणि जामगी धरणारा एक आकडा एवढ्यावर ती चालते आणि तालुक्याच्या गावचा लोहार ती दुरुस्त करतो. चकमकीच्या चापात मात्र दोन-तीन पोलादी कमानी असतात. त्यांना पाणी नीट दिले नाही तर त्या एकतर तुटतात, नाहीतर मऊ पडतात, आणि कमान मऊ पडली की ठिणगी मरते. शिवाय देशी तोड्याची नळी लांब व जाड असे. तिचा पल्ला ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीपेक्षा अधिक असल्याची कबुली इंग्रजांनीही दिली आहे. गारेची अडचण इथे नव्हती. भीमा-सीनेच्या काठच्या काळ्या रानात नांगराच्या तासाला गारा लागतात आणि त्याच जातीच्या दगडाची अश्मयुगीन पातीही याच खोऱ्यांत सापडतात. कंपनीच्या पलटणी मात्र विलायती गार वापरीत. ब्रिटिश सैन्याला ती पुरवणारे सफोक परगण्यातले ब्रँडन हे गाव त्या धंद्यावरच जगत असे.

सोलापूर परिसरात या दोन पद्धती १८१८ मध्ये समोरासमोर आल्या. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. मे महिन्यात कंपनीचा सेनानी टॉमस मन्रो सोलापुरावर चालून आला. १० मे रोजी पेठ पडली आणि १५ मे रोजी भुईकोट किल्ला स्वाधीन झाला. पेशव्यांकडून गणपतराव पानसे लढत होते आणि शिबंदीत अरब होते. अरबांचे नेहमीचे हत्यार म्हणजे लांब नळीची तोड्याची बंदूक. कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर होती ती ‘इंडिया पॅटर्न’ची चकमक : ३९ इंची नळी, पाऊण इंच व्यासाचे तोंड, वजन साडेचार किलोच्या आतबाहेर. हा नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःसाठी ठरवलेला होता. स्वस्त आणि पटकन होणारा म्हणून १७९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने तोच आपल्या सैन्याला दिला आणि नेपोलियनशी झालेल्या लढाया त्यावरच लढल्या. सोलापूरचा निकाल मात्र बंदुकीच्या जातीने लावला असे म्हणता येत नाही. तो तोफांनी, कवायतीने आणि आष्टीनंतर खचलेल्या मनाने लावला.

सोलापूर जिल्ह्यात जुनी हत्यारे पाहायची तर अक्कलकोटच्या भोसले संस्थानिकांच्या नव्या राजवाड्यातील शस्त्रागारात जावे. संस्थानिकांच्या खाजगी संग्रहांत त्याचे नाव मोठे आहे आणि तलवारींबरोबर तिथे बंदुकाही आहेत. कोणती बंदूक कोणत्या पिढीची हे ओळखण्यासाठी नळीच्या मागच्या टोकाकडे पाहावे. जामगीचा आकडा असेल तर तोड्याची, गारेचा जबडा व उभी पट्टी असेल तर चकमकीची, बोंडासारखी छोटी नळी व तिच्यावर हातोडीसारखा घोडा असेल तर टोपीची. अनेक चकमकी पुढे टोपीच्या केल्या गेल्या. अशा बंदुकीत चापाच्या फळीवर रंजकदाणीच्या स्क्रूची बुजवलेली छिद्रे सापडतात.

संच आणि त्याची बांधणी. संचातून बांधतात ती बंदूक बहुधा ‘पेनसिल्व्हेनिया’ किंवा ‘केंटकी’ जातीची लांब रायफल असते. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी ती अठराव्या शतकात घडवली. नळीच्या आत पेचदार आटे, गोळी तेलकट फडक्यात गुंडाळून गजाने सारायची, तोंड साधारण अर्ध्या इंचाचे. सैनिकी चकमकीच्या गुळगुळीत नळीतून कवायती शिपाई मिनिटाला तीन बार काढी. या रायफलीला वेळ जास्त लागे, पण तिची गोळी दुप्पट अंतरावरचे सावज टिपी.

संचातले भाग तयार असले तरी ते एकमेकांत बसवणे हेच खरे काम. नळीचे घर कुंद्यात आधीच खोदलेले असते, पण ते जरा घट्ट ठेवतात. बांधणारा नळीला दिव्याची काजळी फासतो, घरात दाबतो आणि लाकडावर जिथे काळा डाग उमटतो तेवढेच पटाशीने तासतो. पुन्हा काजळी, पुन्हा डाग. चापाचेही तसेच. चापाची फळी नळीला टेकली पाहिजे आणि काना रंजकदाणीच्या मध्यावर, तिच्या काठाच्या पातळीत आला पाहिजे. तो खाली गेला तर रंजकेच्या ढिगात बुडतो आणि बार रेंगाळतो. इथे केसभर चुकले तर कितीही सुबक नक्षी केली तरी बंदूक आळशीच राहते. त्यानंतर पितळी पट्ट्या, कुंद्याचा तळपत्रा आणि गजाच्या नळ्या बसतात. लाकूड मेपल किंवा अक्रोडाचे असते. नळीला मुद्दाम गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून तपकिरी रंग आणतात. सराईत माणसालाही हे काम महिनोन्‌महिने पुरते.

सारे काही हाताने घडवण्याची परंपरा व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गच्या संग्रहालयी नगरात पुन्हा उभी राहिली. तिथले वॉलेस गस्लर यांनी नळीसुद्धा भट्टीत घडवून संपूर्ण रायफल बनवली आणि त्या कामावरचा माहितीपट पुढे अनेकांना या छंदाकडे ओढून घेऊन गेला. ठासणीच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९३३ पासून आहे. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने येथील पेडरसोली ही कंपनी १९५७ पासून प्रतिकृती बनवते. पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणाच्या शिकारीचा एक हंगाम केवळ चकमकीसाठी राखून ठेवलेला आहे.

कायदा. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतची हत्यारे आणि त्यांच्या चकमकी प्रतिकृती ‘पुराण’ ठरतात. त्यामुळे बहुतेक राज्यांत संच टपालाने घरी येतो. ब्रिटनमध्ये नव्याने बांधलेल्या, बार काढणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला परवाना लागतो.

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणे, विकणे, बदलणे एवढेच नव्हे तर दुरुस्त करणेसुद्धा परवान्याचे काम आहे. खोट्या बंदुकीची खरी करणे कलम ६ ने परवान्याशिवाय मना आहे. जुनाट हत्यारांना कलम ४५ मध्ये सवलत आहे, पण तिची अट बारकाईने वाचावी : हत्यार जसे आहे तसे किंवा दुरुस्त करूनही वापरता येणार नाही असेच हवे. म्हणजे माळ्यावर सापडलेली पणजोबांची बंदूक पूर्ण निकामी असेल तर ती सवलतीत बसते. तिला नवी कमान घालून चालती करण्याची हौस मात्र गुन्ह्यात नेते. संच जुळवणाऱ्याला ज्या क्षणी आनंद होतो, नेमका तोच क्षण आपल्याकडे कायदा रोखून धरतो. हे कडक वाटते. पण गावठी कट्ट्यांची प्रकरणे रोज हाताळणाऱ्या व्यवस्थेकडून दुसरी अपेक्षाही नाही.

तरीही ठासणीच्या बंदुकीला याच अधिनियमात एक स्वतंत्र जागा आहे. कलम १३ नुसार पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. महाराष्ट्रात याचा ठळक वापर कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग व रत्नागिरीत दिसतो. रानडुकरे व माकडे यांच्यापासून भात आणि बागायत राखण्यासाठी तिथे पिढ्यान्‌पिढ्या ‘शेती संरक्षणा’च्या बंदुका आहेत, आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्यावरून दरवेळी कुरबुर होते. या बंदुका टोपीच्या, चकमकीच्या नव्हेत. सोलापूरकडे ज्वारीची राखण मचाणावरच्या गोफणीने होत आली. शिवाय माळरानावर पिकात शिरणाऱ्या काळविटाला वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण असल्याने, हाती परवाना असला तरी त्याच्यावर बार टाकता येत नाही.

निर्यात. युरोप-अमेरिकेत जुन्या लढायांची प्रात्यक्षिके करणाऱ्या हौशी मंडळींच्या हातातल्या ‘इंडिया पॅटर्न’ आणि इतर चकमकींपैकी बऱ्याच आज भारतात बनतात. त्या सजावटीची वस्तू म्हणून, काना न पाडता पाठवल्या जातात. घेणारा आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे काना पाडून घेतो. त्यांच्या नळ्यांच्या दर्जावरून या मंडळींत जुना वाद आहे आणि नळीची अधिकृत चाचणी झाल्याशिवाय त्यातून बार काढू नये असे जाणकार बजावतात. शंभर वर्षांहून जुनी अस्सल बंदूक मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.