मदरबोर्डच्या फर्मवेअरचे अद्ययावतीकरण

मदरबोर्डच्या फर्मवेअरचे अद्ययावतीकरण म्हणजे संगणकाच्या मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये साठवलेली मूळ आज्ञावली पुसून तिच्या जागी उत्पादकाने प्रसृत केलेली नवी आवृत्ती लिहिणे होय. ही आज्ञावली सर्वसाधारणपणे बायॉस या नावाने ओळखली जाते. व्यवहारात या क्रियेस ‘बायॉस अपडेट करणे’ किंवा ‘बायॉस फ्लॅश करणे’ असे म्हणतात. घरगुती संगणकाच्या बाबतीत ती क्वचितच करावी लागते आणि बहुधा काही मिनिटांत पूर्ण होते. मात्र ती मध्येच खंडित झाल्यास संगणक मुळीच सुरू न होण्याचा धोका असल्यामुळे इतर सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणापेक्षा अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

पार्श्वभूमी

संगणकाचे बटण दाबल्यानंतर विंडोज किंवा लिनक्स यांसारखी संचालन प्रणाली सुरू होण्यापूर्वी प्रोसेसर, स्मृती, डिस्क व कळफलक यांची ओळख पटवून त्यांना कामास लावणारी आज्ञावली म्हणजे बायॉस. ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांनी १९७०च्या दशकात सीपी/एम या संचालन प्रणालीसाठी प्रथम वापरली. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये बायॉस केवळ वाचता येणाऱ्या रॉम चिपमध्ये कोरलेले असे. त्यात बदल करायचा तर चिपच काढून दुसरी बसवावी लागे. १९९०च्या दशकात मदरबोर्डवर फ्लॅश स्मृतीचा वापर रूढ झाला आणि घरबसल्या नवी आवृत्ती लिहिणे शक्य झाले. इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी विकसित केलेल्या ईएफआय या रचनेतून पुढे यूईएफआय हे प्रमाण आकारास आले. त्याच्या देखभालीसाठी २००५ मध्ये यूईएफआय फोरमची स्थापना झाली. आजच्या मदरबोर्डवरील आज्ञावली काटेकोरपणे यूईएफआय असते. तिला बायॉस म्हणण्याची सवय मात्र उत्पादकांनीही सोडलेली नाही, म्हणून या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

‘फर्मवेअर’ हा शब्द अॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात योजला. हार्डवेअरइतके कठीण नाही आणि सॉफ्टवेअरइतके मऊही नाही, असा मधला प्रकार त्यांना सुचवायचा होता. त्यांच्या लेखात तो प्रोसेसरच्या अंतर्गत सूक्ष्मसूचनांना, म्हणजे मायक्रोकोडला, उद्देशून होता. आज बायॉसच्या नव्या आवृत्तीतून प्रोसेसरचा सुधारित मायक्रोकोडही पोहोचवला जातो, त्यामुळे शब्दाचा मूळ अर्थ एका परीने टिकून आहे.

अद्ययावतीकरणाची कारणे

‘चालू असलेल्या संगणकाचे बायॉस बदलू नये’ हा सल्ला अनेक वर्षे दिला गेला आणि तो निराधार नव्हता. गेल्या काही वर्षांतील घटनांमुळे त्याला मर्यादा पडल्या आहेत.

नव्या प्रोसेसरची ओळख हे सर्वांत जुने व सरळ कारण आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ पासून रायझन प्रोसेसरच्या अनेक पिढ्या बसवता आल्या, पण प्रत्येक नव्या पिढीसाठी बायॉसची नवी आवृत्ती आवश्यक ठरली. यातून एक पेच उद्भवला: जुन्या बायॉसचा मदरबोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही, आणि प्रोसेसर ओळखल्याशिवाय संगणक सुरू होत नाही, मग बायॉस बदलायचे कसे? २०१८ मध्ये एएमडीने अशा ग्राहकांना तेवढ्या कामापुरता जुना प्रोसेसर उसना देण्याची व्यवस्था केली होती. पुढे चिपमधील जागाही अपुरी पडू लागली. २०१९ मध्ये तिसऱ्या पिढीचे रायझन आले तेव्हा एमएसआयने १६ मेगाबाइटची चिप असलेल्या आपल्या काही मदरबोर्डांसाठी काटछाट केलेले बायॉस दिले. त्यात सेटिंगचा पडदा साधा झाला आणि काही जुन्या प्रोसेसरांचा आधार वगळला गेला. म्हणून नवी आवृत्ती घेतल्याने सर्व काही पूर्वीप्रमाणेच राहते, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन या प्रोसेसरमधील त्रुटी उघड झाल्या. त्यांवरील उपायांचा एक भाग मायक्रोकोडच्या रूपाने बायॉसमधून आला. इंटेलचा पहिला उपाय काही प्रोसेसरांवर संगणक आपोआप पुन्हा सुरू होण्यास कारणीभूत ठरला आणि त्याच महिन्यात तो थांबवावा लागला. प्रसिद्ध झाल्या दिवशीच नवी आवृत्ती घेण्याची घाई का करू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे. २०२३च्या अखेरीस प्रकाशात आलेली ‘लोगोफेल’ ही त्रुटी संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बोधचिन्हाचे चित्र वाचणाऱ्या भागातील होती. तिचे निवारणही बायॉस बदलूनच होऊ शकत होते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसह जळाल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यानंतर एसओसी व्होल्टेजची कमाल मर्यादा १.३ व्होल्ट ठेवणाऱ्या बायॉस आवृत्त्या देण्यात आल्या. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत खेळ बंद पडणे, संगणक अचानक थांबणे अशा तक्रारी वाढल्यावर, मायक्रोकोडमधील दोषामुळे प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागतो असे इंटेलने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले. सुधारित मायक्रोकोड ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये मदरबोर्ड उत्पादकांच्या बायॉसमधून वितरित झाला. या सुधारणेने पुढील हानी रोखली जाते. आधीच झिजलेला प्रोसेसर तिने पूर्ववत होत नाही, हे इंटेलने स्पष्ट केले आणि संबंधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. अशा प्रसंगी ‘चालते आहे तोवर चालू द्यावे’ या वृत्तीची किंमत प्रोसेसर गमावून मोजावी लागू शकते.

यांपैकी कोणतेही कारण लागू नसेल, संगणक जुना असेल व उत्पादकाच्या सूचीत आपल्या उपयोगाची सुधारणा नसेल, तर बायॉस बदलण्याचे प्रयोजन नाही. केवळ आवृत्तीचा आकडा मोठा आहे म्हणून संगणकाचा वेग वाढत नाही.

पूर्वतयारी

सर्वप्रथम मदरबोर्डचे पूर्ण नाव व बायॉसची सध्याची आवृत्ती जाणून घ्यावी. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या खिडकीत दोन्ही दिसतात. नावातील एखादे अक्षर किंवा ‘वायफाय’ हा जोडशब्दही महत्त्वाचा असतो. काही उत्पादक एकाच नावाच्या मदरबोर्डच्या वेगवेगळ्या रिव्हिजन काढतात व त्यांच्या फाइली निराळ्या असतात. रिव्हिजनचा क्रमांक मदरबोर्डवर छापलेला असतो, त्यासाठी कॅबिनेट उघडून पाहावे लागते. फाइल केवळ उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. आवृत्तीसोबतच्या टिपा वाचाव्यात, कारण काही वेळा आधी मधली एखादी आवृत्ती घालणे सक्तीचे असते, तर काही आवृत्त्यांनंतर मागे परतता येत नाही. ‘बीटा’ असे लिहिलेली आवृत्ती निकड नसल्यास टाळावी.

नव्या आवृत्तीनंतर बहुतेक सेटिंग मूळ स्थितीत जातात आणि जुन्या आवृत्तीत जतन केलेले प्रोफाइल नवी आवृत्ती अनेकदा वाचत नाही. म्हणून सेटिंगच्या पडद्यांची मोबाइलने छायाचित्रे काढून ठेवणे हा साधा पण खात्रीचा मार्ग आहे. डिस्कची पद्धत एएचसीआय होती की रेड, याची नोंद विशेष आवश्यक. ती बदलल्यास विंडोज सुरू होत नाही आणि डिस्कच बिघडली असा गैरसमज होतो.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा उपकरण कूटबद्धीकरण चालू असल्यास ते आधी तात्पुरते स्थगित करावे व ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बायॉस बदलल्यावर टीपीएम या सुरक्षा घटकाची अवस्था बदलू शकते व संगणक ही की मागतो. ती नसेल तर डिस्कवरील विदा कायमची हातची जाते. अनेकांच्या संगणकावर कूटबद्धीकरण त्यांच्या नकळत चालू असते. चिप बिघडल्यास ती बदलता येते, पण गेलेली छायाचित्रे व कागदपत्रे परत आणता येत नाहीत. या दृष्टीने की जपण्याची ही पायरी सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल.

पद्धती

सर्वाधिक विश्वसनीय पद्धत म्हणजे फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल ठेवून बायॉसच्याच पडद्यावरील साधनाने ती लिहिणे. असूसमध्ये हे साधन ईझी फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश आणि अॅझरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश या नावाने असते. विंडोजमधून चालणारे प्रोग्रामही उपलब्ध आहेत, पण त्या वेळी विंडोज अडकल्यास लेखन अर्धवट राहण्याची भीती असते, म्हणून ते टाळणे बरे. लिनक्सवर, उत्पादकाने सहकार्य केले असल्यास, एफडब्ल्यूअपडी या मुक्त प्रोग्रामने काम होते.

अनेक नव्या मदरबोर्डवर मागील बाजूस फ्लॅशबॅकचे बटण असते. ठरावीक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावून, फाइलला उत्पादकाने सांगितलेले नाव देऊन बटण दाबले की प्रोसेसर व स्मृती बसवलेली नसतानाही लेखन होते. वर सांगितलेला उसन्या प्रोसेसरचा पेच या सोयीमुळे सुटला.

लेखन चालू असताना वीज जाता कामा नये. भारनियमन असलेल्या भागात किंवा पावसाळ्यात वीज खेळखंडोबा करीत असेल, तर चांगल्या स्थितीतील यूपीएसविना हे काम हाती घेऊ नये. लॅपटॉपला बॅटरी पुरेशी भारित असतानाही चार्जर जोडून ठेवावा. लेखन संपल्यावर संगणक एकदोनदा आपोआप बंद-चालू होतो. डीडीआर५ स्मृतीची नव्याने जुळणी होत असताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. या वेळी घाबरून बटण दाबून धरणे, हेच पुष्कळदा अनर्थाचे कारण ठरते.

दुरुपयोग व संरक्षण

फ्लॅश चिप लिहिता येते याचा पहिला मोठा गैरफायदा सीआयएच या विषाणूने घेतला. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. २६ एप्रिल १९९९ रोजी तो सक्रिय झाला, तेव्हा त्याने डिस्कवरील विदा नष्ट केलीच, शिवाय काही मदरबोर्डवरील बायॉसही निकामी केले. चेर्नोबिल दुर्घटनेच्या तारखेशी जुळल्यामुळे त्याला चेर्नोबिल हे नाव पडले. आता फाइलवर उत्पादकाची डिजिटल सही असते व ती पडताळूनच लेखन होते. ही व्यवस्थाही अभेद्य नाही: एमएसआयकडून चोरीस गेलेल्या विद्येत अशा सहीच्या गुप्त किल्ल्या असल्याचे २०२३ मध्ये आढळले.

बिघाड झाल्यास

लेखनानंतर संगणक सुरू न झाल्यास प्रथम वीजपुरवठा तोडून सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे सेटिंग मूळ पदावर येतात. तेवढ्याने न भागल्यास फ्लॅशबॅकने पुन्हा लेखन करून पाहावे. गिगाबाइटच्या काही मदरबोर्डवर ड्युअलबायॉस नावाची दुसरी चिप असते व तिच्यातील प्रत उपयोगी पडते. हे काहीच नसेल तर दुरुस्ती करणारे कारागीर मदरबोर्डवरील आठ पायांच्या चिपला चिमटा लावून सीएच३४१ए सारख्या स्वस्त प्रोग्रामर यंत्राने बायॉस थेट लिहितात. काही मदरबोर्डच्या चिपमध्ये नेटवर्कचा पत्ता व अनुक्रमांकही असतात, म्हणून नवे लेखन करण्यापूर्वी जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवण्यास कारागिराला सांगावे.