बदलीवर हागार

येशू क्रूसावर मेला हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या मरणाचा अर्थ कुणी लावला, आणि त्याचं ओझं कुणाच्या पाठीवर आलं? हा सवाल अमेरिकेतल्या ख्रिस्ती बायांनी केला.

अर्थ लावणारा मोठा माणूस कँटरबरीचा आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म. अकराव्या शतकाचा शेवट. त्याचा हिशेब सरंजामी. माणसाच्या पापाने देवाची इभ्रत गेली, ते देणं माणसाला फिटणारं नाही, म्हणून देवच माणूस झाला आणि मरून ते फेडलं. सावकार तोच, फेडणाराही तोच! पुढं यातूनच उपदेश निघाला: मुकाट सोसेल तो येशूसारखा. आपल्याला हे नवं नाही. गेल्या जन्मीचं भोगा, हे आपल्या आज्यांनीही ऐकलंय.

१९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंगने एक लेख लिहिला. पंडित म्हणत, गर्व हे माणसाचं पाप, स्वतःला विसरणं हा त्यावर उतारा. ती म्हणाली, हे पुरुषाचं दुखणं. बाईचं उलट आहे, तिच्यात ‘मी’च उरत नाही. तिला वर त्याग सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपास सांगणं.

रिबेका पार्कर पास्टर होती. तिच्याकडे नवऱ्याचा मार खाणारी बाई आली. वीस वर्षांमागे पाद्र्याने सांगितलेलं, येशूने सोसलं तसं सोस. बाईने सोसलं. आता नवऱ्याचा हात पोरांवर पडू लागला, तेव्हा विचारायला आली, पाद्री खरं बोलला का? पार्कर म्हणाली, नाही. १९८९ मध्ये तिने जोअ‍ॅन कार्लसन ब्राऊनबरोबर लिहिलं, की बापाने पोराचा बळी घेणं हे प्रेम, असं शिकवणारा धर्म घरातल्या मारालाही आशीर्वाद देतो.

पण ही मांडणी गोऱ्या बायांची. काळ्या बाईचा छळ नुसता घरातला नव्हता. डेलोरेस विल्यम्स (मृत्यू २०२२) न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिकवायची. बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले त्या कोलंबियातून रस्ता ओलांडला की ही सेमिनरी. १९९३ च्या पुस्तकात तिने जुन्या करारातली हागार हातात घेतली. मालकीण सारा, तिला मूल होईना, म्हणून मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. पोट राहिलं, छळ झाला, हागार रानात पळाली. देवदूत काय म्हणाला? मालकिणीकडे परत जा, तिच्या हाताखाली राहा! पुढं साराला स्वतःचं पोर झालं, मग हागारला लेकरासकट हाकललं.

विल्यम्सने बोट ठेवलं ते बदलीवर. गिरणीत दुसऱ्याच्या मागावर उभा राहतो, तो बदली. गुलामीत काळी बाई अशीच बदलीवर. मालकिणीच्या पोराला दूध पाजायला ती, मालकाच्या बिछान्यात ती, शेतात पुरुषाच्या जागी ती. आणि चर्च सांगतं, येशू आपल्या बदली मेला. म्हणजे बदलीपणच पवित्र झालं की! विल्यम्सने साफ लिहिलं, तारण येशूच्या जगण्यात आहे, मरणात नाही. क्रूस हा मारणाऱ्यांचा गुन्हा.

त्याच साली नोव्हेंबरात मिनियापोलिसला सुमारे दोन हजार लोक जमले, बहुतेक बाया. तिथंही ती हेच बोलली. चर्चमध्ये बोंबाबोंब झाली, देणग्या अडल्या. परिषदेला मदत करणाऱ्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या अधिकारी मेरी अ‍ॅन लंडी यांची १९९४ मध्ये खुर्ची गेली.