रीफ टँकमधला मासा एकाच जागी का पोहत राहतो?

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ असलेला खाऱ्या पाण्याचा फिशटँक. त्यात एखादा मासा पंपाकडे तोंड करून एकाच जागी शेपटी हलवत राहिला, की अनेकांना तो घाबरलाय असं वाटतं. खरं तर तो प्रवाहाला तोंड देतोय. या सवयीला ऱ्हिओटॅक्सिस म्हणतात. प्रवाहासोबत वाहत येणारं अन्न माशाला असंच टिपता येतं.

प्रवाह किती हवा? 200 लिटरच्या टँकमध्ये ताशी 4,000 लिटर पाणी फिरत असेल, तर तो 20 पट झाला. मऊ प्रवाळांना साधारण एवढा पुरतो, ॲक्रोपोरासारख्या कडक प्रवाळांना याहून बराच जास्त लागतो. टँग मासे अशा जोरात मजेत फिरतात. सीहॉर्सला मात्र तो झेपत नाही. शेपटीने काहीतरी धरून बसणारा जीव तो! या दोघांना एकत्र ठेवूच नये.

मासे सतत दगडाआड राहत असतील, तर पंपाचं तोंड काचेकडे वळवून पाहा. म्हणजे थेट झोत लागत नाही.

पण सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर बहुतेकदा ऑक्सिजन कमी पडलेला असतो. वीज गेली की पंप थांबतो, पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळणं मंदावतं. अशा वेळी बॅटरीवर चालणारा साधा एअर पंप लगेच लावा.