बोट आठ तास थांबते, तेव्हा खाली उतरायची मुभा कुणाला?

आजचा भाग एका साध्या प्रश्नावरून सुरू करतो. क्रूझची सहल ठरवणारा जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न विचारतोच. "बोट सकाळी आठला बंदराला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार. मधे खाली उतरून गावात एक चक्कर मारायची, चार फोटो काढायचे. एवढ्याला व्हिसा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आपण तिथे राहणार नाही, नोकरी करणार नाही, रात्रीचं जेवणसुद्धा बोटीवरच. मग त्या देशाला आपली भीती कसली? याचं उत्तर शोधायला लागलो आणि थेट शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो. हाती लागल्या तीन बोटी. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

आधी एक लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धापूर्वी, म्हणजे १९१४ च्या आधी, पश्चिम युरोपात फिरायला बहुतेक वेळा पासपोर्ट लागतच नसे. आज आपल्या हातात असते तशी ठरावीक नमुन्याची पासपोर्ट पुस्तिका ही १९२० नंतरची गोष्ट. त्या वर्षी राष्ट्रसंघाने पॅरिसमध्ये परिषद भरवली आणि पासपोर्ट कसा असावा हे ठरवलं. आपल्याकडे इंग्रज सरकारने पासपोर्टचा कायदा केला तोही १९२० मध्येच. त्याआधी मुंबईहून विलायतेला निघालेली बोट एडन, सुवेझ, पोर्ट सईद, मार्सेलिस अशी थांबत थांबत जायची. बोट कोळसा, पाणी, टपाल घेईपर्यंत प्रवासी उतरून पाय मोकळे करून यायचे.

म्हणजे सगळं खुल्लमखुल्ला होतं का? तर नाही. ती मोकळीक कुणासाठी होती, हे बघायला पहिल्या बोटीकडे जाऊ.

ही बोट आपल्या ओळखीची आहे. जुलै १९१०, बंदर मार्सेलिस, बोट 'मोरिया'. विनायक दामोदर सावरकरांना खटल्यासाठी लंडनहून हिंदुस्थानात आणत होते. ८ जुलैच्या सकाळी त्यांनी पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली आणि पोहून धक्का गाठला. ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली आहे. पण पुढचा कायद्याचा भाग फार कमी लोकांना माहीत असतो.

सावरकर धक्क्यावर चढले त्या क्षणी ते फ्रान्सच्या भूमीवर होते. तिथे इंग्रज पोलिसाचा अधिकार चालत नाही. त्यांना पकडलं ते एका फ्रेंच पोलिसाने. मागून आरडाओरड करत लोक येत होते, त्यामुळे बोटीवरचाच कुणी खलाशी गुन्हा करून पळतोय असा त्याचा समज झाला. काही मिनिटांत त्यांना परत बोटीवर नेलं आणि दुसऱ्या दिवशी बोट सुटली. नंतर फ्रान्सने हरकत घेतली: आमच्या भूमीवरचा माणूस असा परस्पर नेता येत नाही, तो परत द्या. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला. फ्रेंच पोलिसाने ताबा दिला त्यात अनियमितता झाली हे लवादाने मान्य केलं. पण त्यामुळे इंग्लंडने कैदी परत करायलाच हवा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कुठलाही नियम नाही, असंही म्हटलं.

बघा, बोट आणि धक्का यांच्यात अंतर किती? एक शिडी. पण त्या शिडीच्या शेवटच्या पायरीखाली कायदा बदलतो. सरकारांना काळजी असते ती याच पायरीची.

दुसरी बोट, 'कोमागाटा मारू'. चार वर्षांनी, १९१४ साली. हिच्या बाबतीत बंदरात थांबणं हाच गुन्हा ठरवला गेला.

कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात, हिंदुस्थानही त्याच साम्राज्यात. दोघंही एकाच राजाची प्रजा. मग 'हिंदी माणसाला बंदी' असं कॅनडाने उघड कसं म्हणायचं? त्यांनी १९०८ मध्ये शक्कल काढली. नियम असा: कॅनडात येणाऱ्याने आपल्या मायदेशातून सलग प्रवास करत, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर यायला हवं. नियमात हिंदुस्थानचं नाव कुठेच नाही! पण इकडून तिकडे जाणारा माणूस वाटेत कुठेतरी, बहुधा जपानला नाहीतर हवाईला, बोट बदलायचाच. म्हणजे कागदावर सगळ्यांना सारखा, पण लागू होणार तो नेमका आपल्या लोकांना. वर आणखी एक अट होती, खिशात २०० डॉलर हवेत.

गुरदित सिंग यांनी या नियमाला आव्हान द्यायचं ठरवलं. त्यांनी जपानी बोट भाड्याने घेतली. हाँगकाँगहून निघून शांघाय, मोजी, योकोहामा करत ती २३ मे १९१४ ला व्हँकुव्हरला पोचली. बोटीवर ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख. बोट धक्क्याला लागूच दिली नाही, बंदरात नांगरून ठेवली. आधी कॅनडात राहून गेलेले आणि बाकी काही मिळून अवघ्या २४ जणांना उतरू दिलं. उरलेले लोक दोन महिने बोटीच्या कठड्यावरून समोरचं शहर बघत बसले. अन्नपाण्याचे हाल झाले. व्हँकुव्हरमधल्या हिंदी लोकांनी पैसे गोळा केले, कोर्टात गेले, हरले. २३ जुलैला बोट परत फिरली.

शेवट आणखी वाईट झाला. २९ सप्टेंबरला बोट कलकत्त्याजवळ बजबजला लागली. तिथून या लोकांना गाडीत घालून थेट पंजाबात पाठवायचा इंग्रजांचा बेत होता. लोकांनी नकार दिला, गोळीबार झाला, वीसएक प्रवासी मारले गेले. या बोटीबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. तब्बल १०२ वर्षांनी!

आता तिसरी बोट. आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर खरं तर हिच्यात आहे.

'सेंट लुईस' ही जर्मन बोट १३ मे १९३९ ला हॅम्बुर्गहून निघाली. ९३७ प्रवासी, जवळजवळ सगळे हिटलरच्या राज्यातून सुटू पाहणारे ज्यू. जायचं होतं क्युबाला, हवाना बंदरात. पण बहुतेकांना तिथे कायमचं राहायचं नव्हतं. अमेरिकेच्या व्हिसासाठी त्यांनी अर्ज केले होते. नंबर लागेपर्यंत थांबायला जागा हवी होती, बस.

क्युबाचा नियम काय होता ऐका. पर्यटक असाल तर व्हिसा नको. निर्वासित असाल तर व्हिसा हवा आणि ५०० डॉलरची हमी हवी. तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याने या फटीचा फायदा घेतला. उतरण्याच्या परवान्याचे कागद त्याने सरळ विकायला काढले. प्रवाशांनी ते भरवशाने विकत घेतले. बोट निघायच्या आठच दिवस आधी क्युबाच्या सरकारने ते कागद रद्द केले.

२७ मे ला बोट हवानाला पोचली. ज्यांचे कागद नव्या नियमात बसत होते असे २८ जण उतरले. आणखी एकाने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. बाकीचे बोटीवरच. नातेवाईक होड्या करून जवळ यायचे, खालून हाका मारायचे. २ जूनला बोटीला बंदर सोडायला लावलं. कॅप्टन गुस्ताव श्रोडर यांनी बोट फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ नेली. मायामीचे दिवे दिसत होते. अमेरिकेने सांगितलं, कोटा भरलाय, नंबर येईल तेव्हा या. कॅनडानेही दार उघडलं नाही.

कॅप्टनने त्यांना जर्मनीत परत नेलं नाही, हे त्याचं मोठेपण. अखेर ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सनी प्रवासी वाटून घेतले. पण पुढच्याच वर्षी नाझी फौजा यातल्या तीन देशांत घुसल्या. युरोपच्या भूमीवर परतलेल्या ६२० जणांपैकी २५४ जण मारले गेले.

आता क्युबाचा तो नियम परत आठवा. बंदर तेच, बोट तीच. पर्यटकाला व्हिसा नको, निर्वासिताला हवा. फरक कशाचा? पर्यटक परत जाणार याची खात्री असते. निर्वासिताला परत जायला जागाच नसते.

हाच विचार पुढे जगाच्या नियमात आला. १९६५ मध्ये लंडनला समुद्री वाहतूक सुलभ करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नियमांत आज क्रूझच्या प्रवाशांसाठी वेगळं कलम आहे: बोट बंदरात ७२ तासांपेक्षा कमी थांबणार असेल तर, विशेष परिस्थिती सोडून, प्रवाशांना व्हिसा लागू नये. किती सोपं वाटतं! पण ही सवलत तुमच्यावरच्या विश्वासापोटी नाही. तुम्हाला घेऊन जाणारी बोट धक्क्याला उभी आहे, म्हणून ती आहे. रशियाने सेंट पीटर्सबर्गसारख्या बंदरात क्रूझवाल्यांना ७२ तास व्हिसाविना फिरू दिलं, तेही मान्यताप्राप्त कंपनीच्या सहलीसोबतच. एकट्याने भटकायचं तर व्हिसा काढा.

आणि 'विशेष परिस्थिती' हे दोन शब्द विसरू नका. प्रत्येक देश त्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. आपलाच देश घ्या. मुंबईला, मुरगावला किंवा कोचीला क्रूझने येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी आधी ई-व्हिसा काढून यायचं असतं. आपण भूमध्य समुद्रात जातो तेव्हा पण असंच. बार्सिलोनाला चढलात, मधे तुर्कस्तान लागलं आणि पुन्हा ग्रीसला आलात, तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत शिरता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर चालत नाही, अनेक वेळा प्रवेशाचा लागतो. गंमत म्हणजे तुम्हाला हे धक्क्यावर नाही, पहिल्याच बंदरात चढताना कळतं. कारण कागद अपुरे असलेला माणूस आणला तर भुर्दंड कंपनीला बसतो. म्हणून ती चढूच देत नाही.

आणि बोटीवर जे काम करतात त्यांचं काय? आपल्या गोव्याची, कोकणातली कितीतरी मुलं क्रूझवर किचनमध्ये, हाउसकीपिंगमध्ये आहेत. अमेरिकेच्या बंदरात पाय ठेवायला त्यांना वेगळा क्रू व्हिसा लागतो.

एक शेवटची गोष्ट. फेब्रुवारी २०२०. 'वेस्टरडॅम' नावाची क्रूझ हाँगकाँगहून निघाली. बोटीवर दोन हजारांहून जास्त माणसं. प्रवाशांत अमेरिकन, युरोपियन भरपूर, म्हणजे जगातले सगळ्यात वजनदार पासपोर्ट. पण कोरोनाच्या भीतीने तैवान, जपान, फिलिपिन्स, अमेरिकेचं ग्वाम आणि थायलंड, पाचही ठिकाणी नकार मिळाला. शेवटी कंबोडियाने आत घेतलं. तोवर जवळपास दोन आठवडे ही मंडळी समुद्रावरच होती.

तेव्हा पुढच्या वेळी बंदरात उतरताना कुणी कार्ड तपासलं, तर कंटाळू नका. जाताना त्या शिडीकडे मात्र एकदा नीट बघा. तिच्यावरून मुकाट्याने खाली उतरता येणं हे अजूनही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

तुमच्या घरात जुन्या काळी कुणी बोटीने आफ्रिकेला, आखातात किंवा विलायतेला गेलं असेल, तर घरच्या मोठ्यांना त्या प्रवासाबद्दल नक्की विचारा. वाटेत कुठली बंदरं लागली, कुठे उतरू दिलं, कुठे नाही. असा जुना पासपोर्ट सापडला तर त्यावरचे शिक्के नीट वाचा. भेटू पुढच्या भागात!