बिनतारीवरची नूर

मागच्या महिन्यातल्या आमच्या बैठकीची गोष्ट. बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते नोंदवून झाले, नोंदवहीवर सह्या झाल्या आणि गप्पा सुरू झाल्या. आमच्या गटातल्या एकीची लेक पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायला जाते. कुणीतरी म्हणालं, "किती मऊ स्वभावाची पोर ती, तिला कसं जमायचं?" तेव्हा आमच्यातल्या एक मुस्लिम ताई हळूच म्हणाल्या, "आमच्यातली कुणी बाई कधी लढाईत गेली होती का हो?"

उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आलं नाही. मग आम्ही शोधलं, वाचलं, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो आहोत. त्या बाईचं नाव नूर इनायत खान.

आधी थोडं त्या काळाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात २५ लाखांच्या आसपास माणसं होती. भरती सक्तीची नव्हती. पण 'स्वतःहून' या शब्दामागे घरोघरी वेगळी कारणं होती. कुणाला पगार हवा होता, कुणाच्या घरात पिढ्यानपिढ्या फौजेची नोकरी होती. मुसलमान सैनिक त्यात मोठ्या संख्येनं होते. १९३९ च्या डिसेंबरात खेचरांच्या चार तुकड्या फ्रान्समध्ये उतरल्या. त्यातले बहुतेक जवान पंजाबचे मुसलमान. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनांनी फ्रान्स घेतला तेव्हा या जवानांना आपली खेचरं तिथेच सोडून यावं लागलं, आणि एक तुकडी तर कैद झाली. त्याच उन्हाळ्यात, त्याच फ्रान्समधून, नूरचं कुटुंबही जीव मुठीत घेऊन पळत होतं.

नूरचं घराणं मूळचं बडोद्याचं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड झाला, हे आपण शाळेत वाचलं आहे. त्यांच्या राज्यात १८८६ साली गायनशाळा सुरू झाली, ती मौलाबक्ष या थोर गवयानं. मौलाबक्षांचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, इनायत खान. हे इनायत खान वीणा वाजवत, गात, आणि सूफी विचार सांगत. १९१० मध्ये ते परदेशी गेले. अमेरिकेत ओरा रे बेकर या मुलीशी त्यांची ओळख झाली, पुढे लग्न झालं आणि ती अमीना बेगम झाली. त्यांची थोरली लेक नूर. तिचा जन्म १९१४ च्या नववर्षदिनी मॉस्कोत झाला. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी कुटुंब लंडनला आलं आणि १९२० मध्ये फ्रान्सला गेलं. पॅरिसजवळच्या सुरेन गावात त्यांचं घर होतं. घराचं नाव फझल मंझिल.

नूर तेरा वर्षांची असताना, १९२७ मध्ये, वडील दिल्लीत वारले. आई दुःखानं खचून खोलीत बसून राहू लागली. तीन धाकटी भावंडं होती. त्यांचं खाणंपिणं, शाळा, दुखणंखुपणं या पोरीनं अंगावर घेतलं. मैत्रिणींनो, हे चित्र आपल्याला नवीन नाही. आपल्या वस्तीत अशा किती थोरल्या लेकी आहेत!

तरी तिनं शिक्षण सोडलं नाही. बालमानसशास्त्र शिकली, पियानो आणि हार्प शिकली. मुलांसाठी गोष्टी लिहायची. त्यातल्या काही फ्रेंच रेडिओवर सादर झाल्या. १९३९ मध्ये तिचं जातककथांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. मुसलमान घरातली मुलगी, ख्रिस्ती घरातून आलेली आई, आणि पुस्तक बुद्धाच्या गोष्टींचं. बापानं सगळ्या धर्मांतलं चांगलं घ्यायला शिकवलं होतं. खोटं बोलू नये आणि कुणाला दुखवू नये, हेही शिकवलं होतं.

म्हणूनच पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. जर्मन पॅरिसच्या वेशीशी आले तेव्हा नूर आणि तिचा भाऊ विलायत यांनी ठरवलं की हात बांधून बसायचं नाही. कुटुंब इंग्लंडला पोहोचलं आणि १९ नोव्हेंबर १९४० रोजी नूर ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाली. तिथे तिला बिनतारी यंत्र शिकवलं. टक-टक करून सांकेतिक भाषेत निरोप पाठवायचे आणि घ्यायचे.

आमच्या बैठकीत इथे एकजण अडली. म्हणाली, "म्हणजे ती इंग्रजांसाठी लढली. आपली माणसं तेव्हा 'चले जाव' म्हणून तुरुंगात जात होती ना?" प्रश्न बरोबर आहे. १९४३ मध्ये आपल्या साताऱ्यात पत्री सरकार उभं राहत होतं, आणि बडोद्याच्या गवयाची पणती इंग्रजांच्या गणवेशात होती. पण तिनं ही गोष्ट कुणापासून लपवली नाही. अधिकारीपदाच्या मुलाखतीत तिला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल विचारलं गेलं. तिच्या चरित्रात नोंद आहे की तिनं सरळ सांगितलं, युद्ध चालू आहे तोवर मी दिलेला शब्द पाळीन, पण माझा कल हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याकडे आहे. समोर परीक्षक बसलेले असताना असं बोलायला धैर्य लागतं. तिचा हिशेब साधा होता. माणसांना वंशावरून मारणाऱ्या राजवटीला आधी थांबवायचं, मग आपल्या देशाचं मागायचं. तिचं बरोबर की तुरुंगात गेलेल्यांचं बरोबर, यावर आमचं एकमत झालं नाही. पण दोघांनीही जिवावर उदार होऊन ठरवलं होतं, एवढं सगळ्यांना पटलं.

१९४३ च्या सुरुवातीला तिला गुप्त कामासाठी घेतलं. शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये जाऊन लंडनला निरोप पाठवायचे. प्रशिक्षण देणाऱ्यांचे शेरे तिच्याबद्दल चांगले नव्हते. फार बुद्धी नाही, या कामाला योग्य वाटत नाही, असं लिहिलेलं आहे. तिचं खोटं पटकन उघडं पडायचं. तरी तिला पाठवलं, कारण फ्रेंच अस्सल बोलणारी आणि बिनतारी चालवणारी माणसं कमी होती. १६ जून १९४३ च्या रात्री एका छोट्या विमानानं तिला फ्रान्समध्ये आंजे गावाजवळच्या शेतात उतरवलं. बिनतारीच्या कामासाठी ब्रिटननं फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली बाई. टोपणनाव मादलेन.

आणि पहिल्या दहा दिवसांतच तिच्या गटाची माणसं भराभर पकडली गेली. लंडननं कळवलं, परत ये. ती म्हणाली, मी गेले तर पॅरिसमधून निरोप पाठवणारं कुणी उरणार नाही. ती थांबली. बिनतारीवाल्याचा टिकाव सरासरी सहा आठवडे धरत. नूर जवळजवळ चार महिने टिकली.

कसं केलं असेल तिनं? यंत्र सुटकेसमध्ये असे, वजन पंधराएक किलो. म्हणजे एवढं ओझं घेऊन रोज घर बदलायचं. जास्त वेळ निरोप पाठवला की जर्मनांच्या शोधगाड्यांना जागा कळायची, म्हणून थोडक्यात आवरायचं आणि निघायचं. केसांचा रंग बदलायचा. एकदा झाडावर तार लावताना एका जर्मन अधिकाऱ्यानंच तिला मदत केली, अशी गोष्ट सांगतात. गाणी ऐकायला तार लावतेय, असं तिनं त्याला सांगितलं म्हणे. खोटं बोलता न येणारी मुलगी!

ऑक्टोबर १९४३ मध्ये कुणीतरी पैशासाठी तिची खबर दिली. इथे तिची चूकही सांगायला हवी. पाठवलेल्या निरोपांच्या नकला तिनं एका वहीत जपून ठेवल्या होत्या. तसं करायचं असतं, असा तिचा समज झाला होता. वही जर्मनांच्या हाती लागली. तिच्या नावानं त्यांनी लंडनला खोटे निरोप पाठवले आणि त्यामुळे आणखी माणसं सापडली. आम्ही नोंदवही जिवापाड जपणाऱ्या बायका. हे वाचताना आम्हाला फार वाईट वाटलं.

पण तिच्या तोंडून काही निघालं नाही. पॅरिसच्या कार्यालयातल्या जर्मन प्रमुखानंच युद्धानंतर हे कबूल केलं. तिनं दोनदा पळून जायचा प्रयत्न केला, एकदा तर छपरावरून. पुन्हा पळणार नाही असं लिहून दे, म्हणाले, तर नकार दिला. मग तिला जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात हातापायांत साखळदंड घालून एकटीला कोंडलं, जवळजवळ दहा महिने. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत आणखी तीन स्त्रियांबरोबर तिला गोळी घातली. वय तीस वर्षं.

१९४९ मध्ये ब्रिटननं तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. फ्रान्सनंही गौरव केला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअर बागेत २०१२ मध्ये तिचा अर्धपुतळा बसला. लहानपणी तिचं कुटुंब तिथेच राहत होतं.

ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता, त्यांनी ही सगळी गोष्ट ऐकली. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तिला परत बोलावलं होतं, तरी ती राहिली. हे माझ्या मुलीला सांगीन."

आणि भरतीला धावणाऱ्या त्या लेकीबद्दल 'मऊ आहे' असं आता आमच्या गटात कुणी म्हणत नाही. पहाटे तिच्या सोबतीला जायची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. मंगळवार आमचा.