मोटरहोम चालवताना छतावरचे व्हेंट उघडे ठेवावेत का?

थोडक्यात उत्तर: नाही. गाडी धावत असताना छतावरचे व्हेंट आणि मागच्या खिडक्या बंद ठेवा आणि ताजी हवा पुढच्या बाजूने घ्या. गाडी उभी करून इंजिन आणि जनरेटर बंद केल्यावर व्हेंट उघडा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात आता कॅराव्हॅन भाड्याने मिळतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये मुलांकडे गेलेले आईवडीलही अशा गाडीतून चार-आठ दिवसांची सहल करतात. मागच्या भागात उकडते, जेवणाचा वास कोंडतो, म्हणून छतावरचे झाकण उघडून प्रवास सुरू होतो. झाकण वाऱ्याने तुटू शकते, हे बहुतेकांना माहीत असते. पण त्याहून गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा आहे.

उघड्या व्हेंटमुळे धूर आत कसा येतो?

व्हेंट उघडले की आतली हवा बाहेर जाईल आणि ताजी हवा आत येईल, असे आपल्याला वाटते. यातला पहिला भाग बरोबर आहे. धावत्या गाडीच्या छतावरून वारा वेगाने जातो, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि व्हेंट स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनसारखे काम करू लागते. आतली हवा वर खेचली जाते.

बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला दुसरी हवा कुठून तरी आत येणारच. पुढच्या काचा बंद असतील तर ती मागच्या दाराच्या फटीतून, खिडकीच्या खराब झालेल्या रबरातून किंवा पाइप आणि वायर नेण्यासाठी तळाला पाडलेल्या भोकांतून येते. मोटरहोमची पाठ सपाट आणि उंच असते. तिच्यामागे हवेचे भोवरे तयार होतात आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर त्यांतच घोटाळत राहतो. तीच हवा आत शिरते.

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून कच्च्या रस्त्याने प्रवास केला असेल, तर हे तुम्ही अनुभवले आहे. धूळ पुढून कमी आणि मागूनच जास्त आत येते. धुळीची वाट तीच धुराची वाट. फरक इतकाच की धूळ दिसते, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. धुराचा वास आला तर तो इशारा समजावा, पण वास नाही म्हणजे धोका नाही असे मानू नये.

व्हेंटवर बसवलेले पावसाळी कव्हर झाकणाचे वाऱ्यापासून आणि पावसापासून रक्षण करते. धुरापासून ते तुमचे रक्षण करत नाही.

शरीरात काय घडते?

रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास नीट चालू असला तरी मेंदू आणि हृदयाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही.

पुढील व्यक्तींना धोका जास्त असतो:

- गर्भवती स्त्रिया. हा वायू बाळाच्या रक्तात अधिक साठतो आणि तिथून हळू बाहेर पडतो. आईला फारसा त्रास नसतानाही बाळाला इजा होऊ शकते.
- हृदयविकार किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेले रुग्ण. कमी प्रमाणातही छातीत दुखू शकते.
- अ‍ॅनिमिया किंवा सिकलसेल असलेले रुग्ण. त्यांची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता आधीच कमी असते.
- लहान मुले आणि वृद्ध.
- मागच्या पलंगावर झोपलेली व्यक्ती. ती धुराच्या सर्वात जवळ असते आणि झोपेत त्रास जाणवत नाही.

‘गाडी लागली’ की विषबाधा?

डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, उलटी, थकवा ही कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणे आहेत. प्रवासात हे सगळे झाले की आपण ‘गाडी लागली’, ‘पित्त झाले’ किंवा ‘बाहेरचे खाणे बाधले’ असे म्हणून मोकळे होतो. खाली उतरल्यावर दोन्हींमध्ये बरे वाटू शकते, त्यामुळे गैरसमज पक्का होतो.

पुढील गोष्टी दिसल्या तर विषबाधेचा संशय घ्या:

- एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले.
- ज्यांना कधीच गाडी लागत नाही, त्यांनाही मळमळू लागले.
- मागे बसलेल्यांना पुढच्यांपेक्षा जास्त त्रास होतो आहे.
- बाहेर थांबल्यावर बरे वाटते आणि पुन्हा गाडीत बसल्यावर त्रास परततो.
- कोणी असंबद्ध बोलते, तोल जातो, धाप लागते किंवा झोपेतून नीट उठत नाही.

त्रास झाल्यास लगेच काय करावे?

१. गाडी सुरक्षित जागी थांबवा. इंजिन, जनरेटर आणि गॅस बंद करा.
२. सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. आतच बसून खिडक्या उघडणे पुरेसे नाही.
३. कोणी बेशुद्ध असेल, छातीत दुखत असेल किंवा गर्भवती स्त्री गाडीत असेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११.
४. श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करा.
५. बरे वाटले तरी त्याच दिवशी तपासून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘आम्ही मोटरहोममध्ये होतो, धूर आत आला असावा.’ हे एक वाक्य निदानाची दिशा बदलते.

घरच्या पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नका. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्त समजतो, त्यामुळे गंभीर विषबाधेतही ९८ किंवा ९९ दाखवू शकतो. खरे प्रमाण कळण्यासाठी रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची तपासणी लागते.

उपचार म्हणजे मास्कमधून जास्तीत जास्त ऑक्सिजन. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण ४ ते ६ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तेच साधारण एक ते दीड तासात होते. गंभीर रुग्णांसाठी आणि गर्भवती स्त्रियांसाठी डॉक्टर उच्च दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देण्याचा विचार करतात.

घरी परतल्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवा. काही रुग्णांमध्ये विसरभोळेपणा, स्वभावातला बदल किंवा चालण्यातला अडखळलेपणा उशिरा दिसतो. तसे काही जाणवल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जा.

मग उकाड्याचे काय?

उकाडाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही, विशेषतः वृद्ध आणि लहान मुले मागे बसली असतील तर.

- डॅशबोर्डचा पंखा किंवा एसी बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत ठेवा. त्यामुळे आत दाब राहतो आणि मागून धूर खेचला जात नाही. रहदारीत धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे अडकलात, तर तेवढ्यापुरती आतलीच हवा फिरवा.
- खिडकी उघडायची असेल तर पुढची उघडा. मागची एकटी खिडकी किंवा छतावरचे व्हेंट उघडू नका.
- ठरावीक वेळाने थांबा, सावलीत गाडी उभी करा, इंजिन बंद करून सगळी व्हेंट उघडा आणि पाणी प्या.

जनरेटर, शेगडी आणि मुक्काम

छतावरच्या एसीसाठी प्रवासातही जनरेटर चालू ठेवण्याची पद्धत अमेरिकेत आहे. अशा वेळी व्हेंट बंद असणे आणखी महत्त्वाचे, कारण धुराचे उगमस्थान दोन झालेले असतात. आणि जनरेटर चालू ठेवून झोपू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये एसी लावून झोपलेल्या दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात आढळले.

महाबळेश्वरच्या किंवा हिमाचलच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी किंवा बार्बेक्यू आत आणू नका. निखारे विझल्यासारखे दिसले तरी वायू निघतच असतो. गॅसवर स्वयंपाक करताना मात्र व्हेंट उघडे हवे. गॅसची शेगडी गाडी गरम करण्यासाठी पेटवू नका.

उघडझाप होणारे व्हेंट आणि कायमच्या जाळ्या यांत फरक आहे. काही गाड्यांमध्ये तळाशी आणि वर कायम उघड्या जाळ्या असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाच्या जाळीतून बाहेर पडतो. थंडी वाजते म्हणून या जाळ्या कापडाने किंवा टेपने कधीही बंद करू नका.

अलार्म घ्या, पण त्याची मर्यादा ओळखा

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही. गाडीसाठी ईएन ५०२९१-२ किंवा यूएल २०३४ या मानकाचा अलार्म निवडा. भाड्याची गाडी ताब्यात घेताना त्याचे बटण दाबून आवाज येतो का ते पाहा आणि त्यावरची मुदतीची तारीख वाचा.

यूएल २०३४ नुसार हवेत दहा लाख भागांत ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल, तर अलार्म वाजायला १ ते ४ तास लागू शकतात. म्हणून हृदयरुग्ण किंवा गर्भवती स्त्री सोबत असताना अलार्म शांत आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. डोके दुखू लागले की थांबा आणि उतरा.

निघण्यापूर्वी

- छतावरची सगळी व्हेंट आणि मागच्या खिडक्या बंद आहेत ना?
- अलार्म चालू आहे ना?
- सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आहे ना?
- सायलेन्सरचा आवाज बदललेला नाही ना? बदलला असेल तर तो फुटला असू शकतो. आधी मेकॅनिकला दाखवा.
- मागे कोणी झोपणार असेल तर त्याला अधूनमधून हाक मारण्याचे काम एकाकडे सोपवले आहे ना?

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. हृदयविकार, दमा, अ‍ॅनिमिया किंवा गर्भारपण असल्यास लांबच्या प्रवासापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी बोला.