इनेगोलचे क्योफ्ते

वायव्य तुर्कस्तानात, बुर्सा शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर इनेगोल हे गाव आहे. लाकडी फर्निचर आणि क्योफ्ते या दोन गोष्टींसाठी ते तुर्कस्तानभर ओळखले जाते. क्योफ्ते म्हणजे खिम्याचे गोळे किंवा वळकट्या. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे. त्यातून तुर्कीत क्योफ्ते आला आणि आपल्याकडचा कोफ्ताही. तुर्कस्तानात गावागणिक क्योफ्त्याची तऱ्हा बदलते, पण इनेगोलइतकी साधी तऱ्हा क्वचितच सापडते.

हा पदार्थ मूळचा इनेगोलचा नाही. १८७७-७८च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात बल्गेरिया उस्मानी साम्राज्याच्या हातून निसटू लागला आणि तिथले लाखो मुसलमान घरदार सोडून निघाले. ही स्थलांतरे पुढची कित्येक वर्षे चालू राहिली. या मुहाजिरांपैकी, म्हणजे निर्वासितांपैकी, अनेकजण बुर्साच्या परिसरात वसले. बल्गेरियातल्या पझारजिकहून आलेल्या मुस्तफा एफेंदी नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इनेगोलमध्ये क्योफ्ते विकायला सुरुवात केली, असे तिथली परंपरा सांगते. पदार्थाची घडण या कथेला दुजोरा देते. बल्गेरियातले केबापचे आणि बोस्नियातले चेवापी हेही असेच लांबट, निखाऱ्यांवर भाजलेले, म्हणजे इनेगोलच्या क्योफ्त्याचे सख्खे भाऊबंद. बल्गेरियात त्यात जिरे पडते. इनेगोलमध्ये मसाल्याला जवळजवळ थारा नाही.

मांस, कांदा, मीठ आणि खाण्याचा सोडा, एवढेच साहित्य. गोमांस आणि कोकराचे मांस एकत्र घेतात, त्यात चरबी पुरेशी असावी लागते. खिम्यात मीठ आणि सोडा घालून तो चांगला मळतात व थंड जागी बहुधा रात्रभर मुरवत ठेवतात. कांदा अगदी बारीक करून घालतात. मुरलेला खिमा पुन्हा यंत्रातून काढून परत मळला की तो चिकट, एकजीव होतो.

घरगुती क्योफ्त्यात शिळ्या पावाचा चुरा घालायची पद्धत तुर्कस्तानात सर्रास आहे; इनेगोलच्या क्योफ्त्यात पाव नसतो. पावाचे काम इथे मीठ आणि मळणे करतात. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटी होतात आणि मळताना एकमेकांना धरतात, म्हणून वळकटी जाळीवर फुटत नाही. सोड्याने मांसाची आम्लता उतरते. मग भाजताना ते आवळत नाही, पाणी धरून ठेवते आणि वरून लवकर तांबूस होते. इनेगोलच्या क्योफ्त्याला दाताखाली येणारा किंचित लवचीकपणा यातूनच मिळतो. मुरवायचा वेळ वाचवला तर तो येत नाही, आणि कारागिराची खरी परीक्षा याच टप्प्यावर होते.

ओल्या हाताने बोटाएवढ्या लांब वळकट्या वळतात आणि लाकडी कोळशाच्या निखाऱ्यांवर जाळीवर भाजतात. आच मोठी असली तर वरचा भाग करपतो आणि आत कच्चे राहते, म्हणून ज्वाळा बसून निखारे फुललेले असावे लागतात. वळकट्या सतत फिरवत राहतात. सोबत भाजलेली मिरची, टोमॅटो, कच्चा कांदा, पाव आणि पियाज येतो. पियाज म्हणजे उकडलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत कांदा, व्हिनेगर आणि ऑलिव्हचे तेल घालून केलेली कोशिंबीर. अलीकडे पोटात काशार चीज भरलेले क्योफ्तेही मिळतात, पण जुन्या पद्धतीत वळकटीत मांस, कांदा, मीठ आणि सोडा यांपलीकडे काही नसते.